दुखतं तेवढंच

बुधवार, ६ ऑगस्ट

आज इथे येऊन दहा दिवस झाले आणि शेवटी टेबल मिळालं. इतके दिवस खिडकीच्या कठड्यावर वही टेकवून लिहीत होते. टेबलाचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठ्याची घडी सारलीय. चालेल. सोळा वर्षं लोकांच्या घरी राहून मुलं शिकवली, त्यात धड टेबल दोनदाच मिळालं.

घरात माणसं चार. साहेब, त्यांची मोठी बहीण म्हणजे आत्याबाई, स्वयंपाकाच्या काकू आणि माझी विद्यार्थिनी. ती आठ वर्षांची. कागदावरचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण सगळे तिला मुंगी म्हणतात. सारखं काहीतरी इकडून तिकडे नेत असते: बटणं, दोरे, पावाचे तुकडे. मागच्या वर्षी आजारपणात तिची शाळा बुडाली, म्हणून वर्षभर घरी शिकवून तिला बरोबरीला आणायचं. हिशेबात कच्ची आहे, वाचनात पक्की, आणि बडबड इतकी की माझे कान किटतात.

मुंगीची आई इथे राहत नाही. दीड वर्षापूर्वी वेगळी झाली. घरात तिचा उल्लेख कुणी 'आई' असा करत नाही, 'तिकडे' म्हणतात. मुंगी रविवारी तिकडे जाते. तिकडून संध्याकाळी येते. आत्याबाई तर 'तिकडचं खूळ', 'तिकडची सर्दी' असंसुद्धा म्हणतात, जसं काही ते एखादं गाव आहे.

आत्याबाई मला 'मास्तरीणबाई' म्हणतात. त्यात मान किती आणि टोमणा किती, ते अजून कळलेलं नाही. जेवण माझ्या खोलीत पाठवतात. काकूंबरोबर बसवायला मी जास्त शिकलेली, घरच्यांबरोबर बसवायला मी पगारी. हे प्रत्येक घरात असतंच, मला त्यात नवं काही नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

साहेबांनी आज मला त्यांच्या खोलीत बोलावलं. काळ्या पुठ्ठ्याची जाड वही दिली आणि म्हणाले, मुंगीबद्दल रोज थोडं लिहीत चला, मी संध्याकाळी चहाच्या वेळी वाचेन. दिवसभर बाहेर असतो, मुलगी हातातून निसटतेय असं वाटतं.

सोळा वर्षांत एकाही वडिलांनी मला असं विचारलेलं नाही. फार तर 'त्रास देते का' एवढंच.

मी त्यांना माझी पद्धत सांगितली. आम्हाला घरशिक्षणाचं शिकवणाऱ्या मोठ्या बाई म्हणायच्या, नोंदवही म्हणजे डॉक्टरचा कागद. दुखतं तेवढंच लिहायचं. नाक ठीक, कान ठीक असं डॉक्टर लिहीत बसत नाही. जे चांगलं चाललंय त्याला औषध नको, म्हणून त्याची नोंदही नको. वही रिकामी होत गेली की समजायचं, मूल सुधारलं. साहेबांना हे फार पटलं. दोनदा म्हणाले, दुखतं तेवढंच, वा.

मग म्हणाले, "बाई, या घरात डोळे उघडे ठेवणारं कुणी नव्हतं. तुम्ही आलात ते बरं झालं."

जिना चढताना मी एक पायरी चुकले.

रविवार, १७ ऑगस्ट

मुंगी तिकडून आली ती हात शाईने निळे करून. तिची आई नकाशे छापणाऱ्या छापखान्यात नकाशे काढते, खाली छापखाना आणि वर तिच्या दोन खोल्या. दोघींनी मिळून या घराचा नकाशा काढला होता. माझी खोलीसुद्धा दाखवली होती, आत टेबल, आणि टेबलाखाली पुठ्ठा. मी हसले तर तीही हसत सुटली. मग तिने नकाशावर एक रस्ता काढला, इथून आईच्या घरापर्यंत, आणि म्हणाली की पायी गेलं तर सव्वीसशे पावलं होतात, आईने आणि तिने मोजलीत.

संध्याकाळी जेवली नाही. तिकडे पोटभर खाल्लं होतं, अंडी आणि वर दोन केळी.

वहीत लिहिलं: 'हात शाईने माखलेले. नखं अस्वच्छ. रात्री जेवण घेतलं नाही.'

बुधवार, २० ऑगस्ट

आजपासून मी घरच्यांबरोबर जेवणार. साहेबांनीच सांगितलं. आत्याबाईंनी वाढताना पातेलं जरा आपटलं, पण बोलल्या काही नाहीत. मी निळा ब्लाउज घातला होता, तो काही जेवायला बसायचं म्हणून नाही, दुसरा वाळत होता.

गुरुवार, २८ ऑगस्ट

रोज सहाला साहेब चहा घेतात आणि वही वाचतात. मला समोर बसवतात, एखादं वाक्य वाचून थांबतात, विचारतात, हे नीट सांगा. आज म्हणाले, तुमचं अक्षर इतकं स्वच्छ आहे की छापल्यासारखं वाटतं. चहात मी साखर घेत नाही हे त्यांच्या लक्षात राहिलंय. आत्याबाईंच्या लक्षात महिनाभर राहिलं नाही.

रविवारचा विषय त्यांनीच काढला. म्हणाले, तिकडून आल्यावर मुलगी वेगळीच असते. मला ती काही सांगत नाही. तुमच्याशी बोलते. सहज विचारत जा, तिकडे काय झालं, कोण आलं, काय बोललं गेलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फार उशीर व्हायच्या आत मला हे घर नीट लावायचंय."

मी खोलीत येऊन त्याच वाक्याचा विचार केला. घर नीट लावायचंय म्हणजे आणखी काय? त्यांना मुंगीची आई परत यायला हवीय, आणि मधे काय अडतंय ते समजून घ्यायचंय. पुरुष असं सरळ बोलत नाहीत. मला हे कळल्यावर आनंद झाला. आनंदच झाला, दुसरं काही नाही. डोकं मात्र तेव्हापासून ठणकतंय.

रविवार, ७ सप्टेंबर

मुंगीची आणि माझी एक वेळ ठरून गेलीय. संध्याकाळी मी तिचे केस विंचरते आणि ती आरशात माझ्याकडे बघत बोलते. ती म्हणते ही आपली कुजबुजवेळ.

आज गप्प होती. गुंता निघेना, तिचे डोळे भरले, मला वाटलं केस ओढले गेले. मग म्हणाली, आई आज रडली. का, तर मुंगीने विचारलं होतं की तू घरी कधी येणार. आई आधी ओरडली, असं विचारायचं नाही म्हणून. नंतर रडली, नंतर सॉरी म्हणाली, मग दोघींनी एकाच पांघरुणात बसून गोष्ट वाचली आणि गोष्टीतला लांडगा आईने असा काही वाचला की मुंगीला उचकी लागली. लांडग्याचा आवाज तिने मला करून दाखवला. झकास करते.

मग म्हणाली, "बाई, आई रडली ते कुणाला सांगू नका हं."

मी म्हटलं, "आपल्या दोघींत राहील."

आणि ते खरंच आहे. मी कुणालाही सांगितलेलं नाही. नोंद करणं वेगळं. मोठ्या बाई म्हणायच्या, मुलाने सांगितलेली गोष्ट चहाडी म्हणून वापरली तर पाप, नोंद म्हणून लिहिली तर कर्तव्य. वहीत लिहिलं: 'आई मुलीवर ओरडली. मुलीसमोर रडली. मुलगी अस्वस्थ, डोळ्यांत पाणी.' लांडग्याचं लिहिलं नाही. त्यात दुखण्यासारखं काही नव्हतं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

मधले दिवस चांगले गेले म्हणून इथे काही लिहिलं नाही. मुंगी भागाकार शिकली. शिकली म्हणजे एकदम डोक्यात उजेड पडावा तशी. सकाळपासून घरातली प्रत्येक वस्तू भागत सुटलीय. काकूंचे चमचे चार जणांत भागून ठेवले, आत्याबाईंची लोकर तिघांत. आत्याबाईंनी धपाटा घातला.

वहीत आज काहीच लिहायला नव्हतं. साहेब म्हणाले, रिकामी? मला वाटलं खूश होतील. त्यांनी पान उलटून पुन्हा मागचं वाचलं आणि म्हणाले, रविवारचं जरा सविस्तर लिहा. मी हो म्हटलं.

काल रात्री आत्याबाई जेवताना म्हणाल्या की ती काही परत यायची नाही, लिहून ठेवा. साहेबांनी ताक मागितलं. मला वाईट वाटायला हवं होतं. मुंगीसाठी वाटलंही. पण रात्री गाढ झोप लागली, कित्येक महिन्यांत लागली नव्हती तशी, आणि उठून मी त्या निळ्या ब्लाउजची बाही उसवलेली होती ती शिवून टाकली.

सोमवार, ६ ऑक्टोबर

काल रात्री घरी पाहुणे होते, साहेबांचे मित्र, वकील आहेत. जेवण झाल्यावर साहेबांनी मला बोलावून त्यांची ओळख करून दिली. नुसती 'आमच्याकडच्या बाई' म्हणून नव्हे. म्हणाले, यांच्यामुळे घर उभं आहे. वकीलसाहेबांच्या हातात माझी वही होती. म्हणाले, असा कागद मी वीस वर्षांत पाहिला नाही, एक फालतू शब्द नाही. मी हरभऱ्याच्या झाडावर चढणाऱ्यातली नाही, तरी कान गरम झाले.

त्यांनी दोन बारीक सूचना केल्या. प्रत्येक पानाला क्रमांक घाला, आणि प्रत्येक नोंदीखाली सही करा. नोंदवही म्हटली की शिस्त हवी. खरं तर हे मलाच सुचायला हवं होतं. आज सगळी दुपार बसून मागच्या सर्व नोंदींखाली सह्या केल्या. एक्कावन्न सह्या. मुंगी शेजारी बसून टीपकागद दाबत होती. तिला त्या कामाची फार मजा वाटली, प्रत्येक सही वाळली की फुंकर मारून 'झाली' म्हणायची.

रविवार, १९ ऑक्टोबर

मुंगीची आई आज तिला सोडायला फाटकापर्यंत आली. नेहमी कोपऱ्यावरून परत जाते. मी बाहेरच होते. उंच बाई, चष्मा, तर्जनीला शाईचा डाग जो बहुतेक कधी जात नसावा. मला म्हणाली, "मुंगी तुमच्याबद्दल खूप सांगते. तुम्ही तिथे आहात म्हणून मला झोप लागते." आणि माझा हात धरला.

ती आवडली, हीच पंचाईत. मनात ठरवून ठेवलं होतं की आवडणार नाही, आणि असं का ठरवलं होतं ते आता सांगता येत नाही.

वहीत लिहिलं: 'अर्धा तास उशिरा आणून सोडली.' ते खरंच आहे. दोघी पावलं मोजत आल्या होत्या, मधे चुकल्या म्हणून परत जाऊन मोजत आल्या.

सोमवार, ३ नोव्हेंबर

साहेबांनी सांगितलं की बुधवारी बारा तारखेला त्यांच्याबरोबर न्यायालयात यायचंय. मुंगीच्या भल्यासाठी एक लहानसं काम आहे, अक्षर माझंच आहे एवढं सांगायचं. मी विचारलं, कसलं काम? म्हणाले, "बाई, आजपर्यंत विश्वास ठेवलात, आणखी थोडा ठेवा."

मी ठेवला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज अक्षर वाईट येईल.

लाकडी कठड्यात उभं केलं. समोर न्यायाधीश, वयस्क, चेहऱ्याने प्रेमळ. एका बाजूला साहेब आणि वकीलसाहेब, दुसऱ्या बाजूला मुंगीची आई आणि तिच्या वकील, त्या बाई आहेत. आईने मला बघून मान हलवली, ओळखीची. तिला वाटलं असेल मी तिच्या बाजूने आलेय. मला तरी कुठे ठाऊक होतं मी कुणाच्या बाजूने आलेय.

वकीलसाहेबांनी वाचायला सुरुवात केली. पान तीन, सही. हात माखलेले, नखं अस्वच्छ, जेवण घेतलं नाही. पान एकोणीस, सही. आई ओरडली, मुलीसमोर रडली. पान त्रेचाळीस. उशिरा सोडली. एकामागून एक, सगळे रविवार. माझीच वाक्यं, आणि मी ऐकत होते की अशा आईच्या हाती मूल द्यायचं तरी कसं. कुणालाही तेच वाटलं असतं.

"हे अक्षर तुमचं?" हो. "यातलं एक तरी वाक्य खोटं आहे?"

मी म्हटलं, खोटं नाही, पण माझी पद्धत अशी आहे की...

"विचारलं तेवढंच सांगा. खोटं आहे?"

"नाही."

मी साहेबांकडे बघितलं. ते घड्याळाला किल्ली देत होते.

आईच्या वकिलांनी थोडं विचारलं, पण त्यांना वहीची गोष्ट आजच कळली होती, काय विचारावं तेच सुचत नव्हतं. न्यायाधीशांनी सांगितलं, मुंगी कुणाकडे राहणार याचा अंतिम निकाल लागेपर्यंत रविवारची भेट बंद. पाच मिनिटांत संपलं. दाराशी मुंगीची आई माझ्या समोर आली. मला वाटलं मारेल, मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "लांडग्याचं नाही सांगितलं तिने तुम्हाला?" आणि उत्तराची वाट न बघता गेली.

मला केसाने गळा कापणं म्हणजे काय ते आज कळलं, आणि सुरी मीच घासूनपुसून, क्रमांक घालून, सही करून दिली होती.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी साहेबांच्या खोलीत गेले. रात्रभर जुळवलेली वाक्यं एकही आठवली नाही. मी एवढंच म्हटलं, तुम्ही म्हणाला होतात घर नीट लावायचंय.

ते म्हणाले, हो, लागलंच की आता.

बसा म्हणाले नाहीत. मग कागद चाळत सांगितलं की निकाल लागला की मुंगीला दूरच्या वसतिगृहाच्या शाळेत घालणार, तिथे प्रवेश नक्की झालाय. माझ्यामुळे हिशेबात ती पुढे गेलीय, आभारी आहेत. महिनाअखेर मी मोकळी.

मी विचारलं, मुलगी जवळ ठेवायचीच नव्हती तर हे सगळं कशासाठी?

"तिकडे जाऊ नये म्हणून," ते म्हणाले, आणि मी अजून तिथे का उभी आहे अशा नजरेने त्यांनी वर बघितलं.

काय मूर्ख बाई मी. चाळीस वर्षांची घोडी आणि साखर लक्षात ठेवली म्हणून विरघळले. नको, हे खोडते. नाही खोडत.

दुपारचं जेवण पुन्हा खोलीत आलं. काकूंनी ताटावर दुसरं ताट झाकलं होतं, गार होऊ नये म्हणून. काकूंना लाज वाटत होती, मला दिसलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आत्याबाईंनी मुंगीला सांगितलं. कसं सांगितलं ते काकूंकडून कळलं: रविवारी आता तिकडे जायचं नाही, आणि रडगाणं माझ्याजवळ नको, तुझ्या बाईंनीच लिहून दिलंय सगळं, तू सांगितलेलं.

संध्याकाळी मी कंगवा घेऊन गेले. मुंगी खुर्चीत बसली, आरशात बघितलं नाही. मी म्हटलं, मुंगे, मी ते तुझ्या भल्यासाठी लिहिलं होतं. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. मी बरंच काही म्हटलं. शेवटी तिने कंगवा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः विंचरायला लागली, वेडावाकडा भांग पाडून. तेव्हापासून झोपेपर्यंत 'हो बाई' आणि 'नाही बाई' यापलीकडे एक अक्षर नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज तिथून निघाले. मावसबहिणीकडे आलेय, तिच्या पोटमाळ्यावर. मुंगी फाटकाशी आली नाही. काकू आल्या.

मंगळवार, २ डिसेंबर

छापखान्यावर गेले. तीनदा वाटेतून परत फिरले आणि चौथ्यांदा गेले. मुंगीच्या आईने दार उघडलं आणि बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मी दारातच सांगितलं की माझ्याजवळ दुसरी वही आहे, माझी स्वतःची. तिच्यात सगळं आहे: नकाशा, पावलं, लांडगा, केळी. जे त्या वहीत नाही ते या वहीत आहे. ही न्यायालयात द्या.

ती तिथेच, पायरीवर बसून वाचायला लागली. चष्मा काढून पुसत होती, पुन्हा वाचत होती. एकदा मोठ्याने हसली, चमचे भागण्याच्या ठिकाणी. मी इतका वेळ उभीच होते. वही तिने ठेवून घेतली, म्हणून हे सुट्या कागदावर लिहितेय.

शनिवार, ६ डिसेंबर

तिच्या वकीलबाईंनी बोलावलं होतं. वही टेबलावर ठेवलेली, त्यात पेन्सिलीच्या खुणा. मला वाटलं मुंगीच्या नोंदींवर असतील.

त्या स्पष्टच बोलल्या. वही चालायची नाही. उलट नुकसान करेल. मी विचारलं, का, खरी आहे म्हणून? त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "खुणा केलेलं तुम्हीच वाचा, आणि मग मला सांगा, या बाईच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवेल?"

जिना चढताना चुकलेली पायरी. निळा ब्लाउज, दोनदा. बिनसाखरेचा चहा. आई परत येणार नाही ऐकून लागलेली झोप. अकरा ठिकाणी खूण होती. मी म्हटलं, मी असं काही लिहिलेलंच नाही. मग पुन्हा वाचलं. लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, समोरचे वकील एवढंच म्हणतील की यजमानावर जीव जडलेली, कामावरून काढलेली बाई आता सूड उगवतेय. पाच मिनिटांत तुमचं हसं होईल आणि मुलीची केस बुडेल.

मुंगीची आई शेजारी बसली होती. तिने हे सगळं आधीच वाचलं होतं, पायरीवर बसून, माझ्या समोर, आणि तरी मला चहा दिला होता. मला तिच्याकडे बघवेना. तीच म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, त्याला ते जमतं. माझ्या लग्नाआधी माझ्याही नकाशांची अशीच स्तुती व्हायची.

आता एकच वाट उरलीय, वकीलबाई म्हणाल्या. न्यायाधीशांना विनंती करायची की मुलीलाच विचारा. ती आठ वर्षांची आहे, बोलकी आहे, हुशार आहे. आत्याबाई नकोत, वडील नकोत, नुसतं तिने सांगायचं की तिला कुठे राहायचंय. सांगितलं की झालं.

मी म्हटलं, सांगेल. बोलायला लागली तर थांबत नाही ती.

बुधवार, १७ डिसेंबर

मुंगीला न्यायाधीशांच्या खोलीत नेलं. आम्ही बाहेर बाकावर. एका टोकाला साहेब आणि आत्याबाई, दुसऱ्या टोकाला मुंगीची आई, तिच्या वकील आणि मी. अर्धा तास झाला. मग शिपायाने बाहेर येऊन माझं नाव पुकारलं. मुलगी एक शब्द बोलत नाही, न्यायाधीश म्हणतात तिच्या जुन्या बाई आल्यात तर आत पाठवा.

लहान खोली. न्यायाधीश टेबलामागून उठून साध्या खुर्चीत तिच्या समोर बसले होते. तिला रंगीत पेन्सिली दिल्या होत्या, तिने हात लावला नव्हता. कोपऱ्यात एक कारकून बाई कागद घेऊन बसल्या होत्या, जे बोललं जाईल ते उतरवून घ्यायला. मुंगी त्यांच्या हाताकडे बघत होती. तिची वेणी घट्ट, आत्याबाईंच्या हातची.

न्यायाधीश हलक्या आवाजात मला म्हणाले, ही मुलगी बोलत नाही का?

मी म्हटलं, "बोलते. खूप बोलते."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, मुंगे, हे आजोबा चांगले आहेत. तुला कुठे राहायचंय एवढंच सांग. एकदाच. मग तुला हवं तसं होईल. तिने माझ्याकडे पाहिलं, महिन्याभरात पहिल्यांदा सरळ डोळ्यांत. ओठ हलले. मला वाटलं आता सांगतेय.

"तुम्ही लिहाल," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही गं, नाही लिहिणार. शपथ. आपल्या दोघींत राहील.

हे शब्द तोंडातून गेले आणि मी काय बोलले ते मला कळलं. तिलाही कळलं. कोपऱ्यातली लेखणी कागदावर चालायची थांबली. मुंगीने दोन्ही ओठ आत ओढून घेतले, आणि त्यानंतर न्यायाधीशांनी विचारलं, मी विचारलं, शेवटी आईला आत आणून विचारलं, ती नुसती आईच्या बोटाला धरून उभी राहिली. बोलली नाही. आईकडेसुद्धा वर बघून बोलली नाही, कारण लेखणी तिथेच होती.

मुलीने कसलीही इच्छा व्यक्त केली नाही, असं लिहिलं गेलं. आहे ती व्यवस्था कायम. जानेवारीत वसतिगृह.

आई तिथल्या बाकावर बसून राहिली, वकीलबाई तिच्याजवळ. मला दोघींनीही थांबवलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी चालत घरी आले. पोटमाळ्यावर चढले, चप्पलसुद्धा काढली नाही, आणि बसून हे सगळं लिहिलं.